पैलवानाचा उत्तरार्ध : प्रस्तावना

माघी पौर्णिमा जवळ आली की उळवीच्या वाटेला बैलगाड्या लागतात. धारवाड-बेळगावकडचे शेतकरी बैलांना सजवून, गाडीत शिदोरी भरून, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या दाट जंगलातून चन्नबसवेश्वरांच्या समाधीला येतात. रात्री गाड्या सोडल्या की चुली पेटतात. कानडी आणि मराठी एकाच जाळापाशी ऐकू येते. बैलांच्या गोष्टी संपल्या की पैलवानांच्या निघतात. कोणी कोणाला कुठल्या मैदानात कुठल्या डावावर मारले, याची उजळणी मध्यरात्र उलटेपर्यंत चालते. अशाच एका जाळापाशी एका वयस्क गाडीवानाने मला विचारले, “पैलवान उतरणीला लागला की त्यानं काही नवं करावं, का आपला जुनाच डाव धरून ऱ्हावं?”

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. पुढे लक्षात आले की कुस्तीच्या अभ्यासाचा अर्धा भाग या एका प्रश्नात मावतो. पैलवानाच्या उमेदीच्या वर्षांबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. त्याच्या उत्तरार्धाबद्दल, म्हणजे ताकद ओसरू लागल्यावर त्याने आपली कला, आपले नाव आणि आपले पोट यांचे काय केले याबद्दल, फार थोडे लिहिले गेले आहे. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांचे आणि विद्यार्थ्यांचे स्वागत मी याच प्रश्नाने करतो.

उळवीला बसून कुस्तीवर का लिहावे, असे कोणाला वाटेल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले रस्त्याचे. धारवाडहून उळवीला येताना हल्याळ लागते. मराठी बोलणाऱ्या कुटुंबांची या तालुक्यात दाट वस्ती आहे आणि कुस्तीचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. कर्नाटक सरकारचे कुस्तीचे क्रीडा वसतिगृह तिथे आहे, आणि त्या परिसरातल्या सिद्दी समाजाच्या मुलीही आज मॅटवर उतरतात. पैलवान हा शब्द कानडीत आणि मराठीत एकच. आपण जिला तालीम म्हणतो तिला कानडीत गरडी म्हणतात. सीमाभागातल्या कुस्तीला एका भाषेच्या कुंपणात कोंडता येत नाही, हे इथे आल्यावर पुस्तकाशिवाय कळते.

दुसरे कारण इतिहासाचे. उळवीचे चन्नबसवेश्वर, म्हणजेच चन्नबसवण्णा, हे लिंगायत संत बसवण्णांचे भाचे, अक्कनागम्मांचे पुत्र. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, उलथापालथ झाली तेव्हा शरणांचा, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांचा, एक जथा त्यांच्यासोबत या रानात आला. त्याच कल्याणात, त्याआधी तीन-चार दशके, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. सोमेश्वराची कारकीर्द ११२६ ते ११३८ अशी. या ग्रंथात ‘मल्लविनोद’ नावाचे प्रकरण आहे. मल्लांचे वय, अंगलट आणि बळ पाहून केलेले वर्ग, त्यांचा आहार, वजन उचलण्याचे, चालण्याचे, पोहण्याचे आणि खांबावरचे श्रम असे सगळे तिथे येते. आपल्या अभ्यासाचा हा एक फार जुना आणि फार मोलाचा दस्तऐवज. ज्या नगरीत राजाच्या करमणुकीसाठी मल्लांच्या देहाची अशी मोजदाद झाली, त्याच नगरीत पुढे ‘कायक’ ही कल्पना रुजली: माणसाने अंगमेहनतीने केलेले काम हीच त्याची पूजा. पैलवानाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. एकीत तो दुसऱ्याच्या विनोदासाठी लढणारा, तर दुसरीत स्वतःच्या श्रमाने उभा राहिलेला. त्याच्या उत्तरार्धाचा प्रश्न या दोहोंच्या मधोमध उभा आहे.

विषयात शिरण्याआधी शब्द नीट समजून घ्यावेत. मैदानातली कुस्ती ही फार पूर्वीपासून पैशाची कुस्ती आहे. लहान पोरांच्या नारळावरच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि संध्याकाळ कलताना एक नंबरची कुस्ती लागते. इनामाचा आकडा पत्रकावर छापलेला असतो. जोडी आधी ठरते, म्हणून ती ‘नेमलेली’ कुस्ती. चितपट झाली तर ‘निकाली’. रेंगाळली तर पंच वेळ देतात, आणि मग पहिला ताबा घेईल तो विजयी असे जाहीर करतात. दोघांनी संगनमताने लढवलेली ती ‘नुरा’ कुस्ती. हा शब्द पैलवानाच्या तोंडावर कोणी उच्चारत नाही. आपल्या भाषेत कुस्तीचाही फड असतो आणि तमाशाचाही फड असतो. दोन्ही ठिकाणी हलगी वाजते, दोन्ही ठिकाणी लोक वर्तुळात बसतात. कुस्तीत खरे किती आणि खेळ किती या वादाला हात घालणाऱ्याने ही भाषेची साक्ष विसरू नये.

आपल्या आधी या वाटेने गेलेल्यांचे ऋण मोठे आहे. गुजरातच्या ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतले ‘मल्लपुराण’ भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता यांनी संपादित केले आणि ते १९६४ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाले. म्हैसूरच्या दसऱ्यात वज्रमुष्टी लढणारे जेट्टी आपल्या नावात त्याच परंपरेची खूण बाळगून आहेत. बडोद्यालाच द. चिं. मजुमदारांनी मराठीत व्यायामाचा ज्ञानकोश अनेक खंडांत उभा केला. जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांत राहून पैलवानाच्या देहावर लिहिलेला अभ्यास १९९२ मध्ये आला. व्यावसायिक, रंगवलेल्या कुस्तीवर रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाचा निबंध त्याच्या १९५७ च्या पुस्तकात पहिलाच आहे. तिथे प्रेक्षक निकालासाठी येत नाही, दुःख, पराभव आणि न्याय डोळ्यांनी पाहण्यासाठी येतो, असे त्याचे म्हणणे. हे सगळे मोठे काम आहे. तरी त्यात भेटणारा पैलवान बहुतेक वेळा भर ज्वानीतला आहे. चाळिशीतला, गुडघा बांधून लढणारा, घरी दोन पोरांची फी भरायची असलेला पैलवान अजून कोणाच्या अभ्यासाचा नायक झालेला नाही.

तो पैलवान मी पाहिला आहे. सीमाभागातल्या एका जत्रेच्या मैदानात दोन नंबरच्या कुस्तीला तो उतरला. शड्डू ठोकला तेव्हा लोकांनी टाळ्या दिल्या, कारण वीस वर्षांपूर्वीचा त्याचा घिस्सा त्यांना आठवत होता. समोर विशीतला पोरगा. पहिल्या पाच मिनिटांत या जुन्या मल्लाने पट काढायचा प्रयत्न एकदाही केला नाही. मान धरून, भार टाकून पोराला नुसते थकवत राहिला. लोक ओरडू लागले, “कुस्ती करा!” त्यांना त्याचा जुना डाव हवा होता. त्याच्या गुडघ्याला तो आता झेपत नव्हता. त्याने शोधलेली नवी कुस्ती शहाणपणाची होती, पण ती पाहायला कोणी आले नव्हते. आपला प्रश्न याच पाच मिनिटांत आहे.

त्याचा विचार करताना मला तीन गोष्टी वेगवेगळ्या धराव्या लागतात: अंग, फड आणि पोट. अंगाला काय झेपते, फडाला काय हवे आहे आणि घर कशावर चालते. तिघांचे म्हणणे क्वचितच जुळते. काही थोर पैलवानांची आयुष्ये या तीन कसोट्यांवर लावून पाहिली की प्रश्न उलगडू लागतो.

प्रथम न बदललेल्या माणसाकडे पाहू, कारण त्याची बाजू भक्कम आहे. गामा पैलवानाने १९१० मध्ये लंडनला पोलंडच्या झ्बिश्कोशी लढत दिली आणि ती बरोबरीत राहिली. १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा समोर आले. गामा पन्नाशीत होता, झ्बिश्कोही त्याच वयाचा. मिनिटभराच्या आत गामाने त्याला पाडले. आपली मेहनत, आपली माती आणि आपले डाव यांत त्याने फेर केला नव्हता. मात्र त्याच्या मागे पतियाळा दरबार उभा होता. पोटाची कसोटी दरबाराने आपल्या अंगावर घेतली होती, म्हणून गामाला फडाची मर्जी सांभाळत बसावे लागले नाही. न बदलण्याचे स्वातंत्र्य पैलवानाला कोण पुरवतो, हे विचारल्याशिवाय त्याच्या निष्ठेचे मोल करू नये.

कोल्हापुरात हेच काम शाहू महाराजांनी केले. १९०२ मध्ये युरोपात गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. संस्थाने विलीन झाल्यावर तो आधार गेला. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मानधनावर मल्ल बाळगले, तरी दरबाराच्या छत्राची आणि मानधनाच्या करारपत्राची सावली सारखी नसते. स्वातंत्र्यानंतरच्या पैलवानाला बदलाचा विचार करावाच लागला, तो या परिस्थितीमुळे.

खाशाबा जाधवांचा बदल उमेदीतला, पण त्याची रीत शिकण्यासारखी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा मातीत वाढला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांच्यासाठी नवखे होते. फ्लायवेट गटात ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक. या चार वर्षांत त्यांनी जमीन बदलली, नियम बदलले, वजनगटही बदलला. चपळाई मात्र तीच ठेवली, आणि एका डावातून दुसऱ्यात घुसण्याची मातीतली सवयही. परत आल्यावर गावाने त्यांची शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. गावाला मॅट ठाऊक नव्हती, आपला खाशाबा ठाऊक होता.

गणपतराव आंदळकरांचे उदाहरण मला आणखी खोल वाटते. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे आंदळकर १९६० चे हिंद केसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी उलट जोड जमवली, फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड चालत नाही आणि पायाचा वापरही चालत नाही. आतली टांग, बाहेरली टांग, पट यांवर पोसलेल्या मातीतल्या मल्लाला हा नियम म्हणजे अर्धी विद्या तालमीतच ठेवून येणे होते. उरलेल्या अर्ध्या विद्येवर आंदळकरांनी सुवर्ण आणले. पुढे उत्तरार्धात आंदळकरांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून पिढ्या घडवल्या. दादू चौगुले त्यांच्याच हाताखालचे. पैलवानाने वस्ताद होणे हा आपल्या परंपरेने सांगितलेला सर्वात मानाचा बदल. त्याचा डाव आता दुसऱ्याच्या अंगात लढतो.

एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळेंची वाटही इथे आठवावी. बेळगाव जिल्ह्यातल्या या मल्लाने १९५९ मध्ये पंजाबच्या बंतासिंगाला पाडून पहिला हिंद केसरी किताब मिळवला आणि आयुष्य कोल्हापुरात काढले. सीमा ओलांडून तालमीत येणे आणि तिथलेच होऊन जाणे हाही एक बदल, आणि सीमाभागातल्या कित्येक पैलवानांनी तो कसलाही गाजावाजा न करता केला.

आता रंगवलेल्या, व्यावसायिक कुस्तीकडे येऊ. ती टाळून हा प्रश्न पुरा होत नाही. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींना लोटलेली गर्दी हा आपल्या शहरी इतिहासाचा भाग आहे. १९५४ मध्ये दारासिंग रुस्तुम-ए-हिंद झाले, १९६८ मध्ये मुंबईतच अमेरिकेच्या ल्यू थेझला हरवून जागतिक विजेते ठरले. त्या लढतींत ठरवलेले किती होते यावर वाद झाले, होतील. आपल्यासाठी महत्त्वाचे ते पुढचे. कुस्ती चालू असतानाच त्यांनी सिनेमात पाऊल टाकले, १९७६ मध्ये ‘बजरंगबली’त हनुमान झाले, १९८३ मध्ये दिल्लीत कुस्तीचा निरोप घेतला, आणि १९८७ पासून दूरदर्शनच्या ‘रामायण’मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, पुन्हा हनुमान झाले. तालमीत हनुमानाच्या तसबिरीपुढे जोर मारणाऱ्या पोरांनी आपल्या दैवताचा चेहरा त्यांच्यात पाहिला. अंगाला आता लढत झेपत नव्हती, पोटासाठी पडदा होता, आणि फडाला जे हवे होते ते त्यांनी बदलले नाही: ताकद ही दुर्बळाच्या बाजूने उभी राहते, हा विश्वास. दारासिंगांनी जागा बदलली, वेष बदलला आणि तो विश्वास जसाच्या तसा नव्या जागी नेऊन ठेवला.

अमेरिकेतली उदाहरणे याला पूरक आहेत. हल्क होगन हा मुलांचा लाडका नायक १९९६ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, एका रात्रीत खलनायक झाला, आणि सारा व्यवसाय ढवळून निघाला. ते साधले, कारण मोडण्यासाठी त्याच्यापाशी लोकांचा वर्षानुवर्षांचा विश्वास शिल्लक होता. ही साठवण एकदाच मोडता येते. अंडरटेकरने आपला स्मशानातला अवतार २००० मध्ये सोडला, साधा मोटारसायकलवाला झाला, आणि २००४ मध्ये पुन्हा जुन्या अवतारात परतला. काही खुणा पैलवानाच्या मालकीच्या राहत नाहीत; त्या लोकांच्या होऊन जातात आणि परत मागितल्या जातात.

एवढे पाहिल्यावर माझे मत मांडतो. वयस्क पैलवानाने बदलावे, आणि अंगाने सक्ती करण्याआधी बदलावे. पण बदलताना लोकांनी त्याच्यावर कशासाठी विश्वास टाकला, ती एक गोष्ट ओळखून ती सोबत न्यावी. घिस्सा गेला तरी चालेल, घिश्शामागची धडाडी जाऊ नये. मात्र ही जबाबदारी एकट्या पैलवानावर टाकणे अन्याय आहे. जो फड फक्त जुना डाव मागतो तो पैलवानाचा गुडघा मागत असतो. जे मैदान वयस्क मल्लाला पंच, निवेदक किंवा वस्ताद म्हणून मानधनाची जागा देत नाही, ते त्याला नुरा कुस्तीकडे ढकलते. बदलाची वाट समाजाने बांधायची असते, चालायचे पैलवानाने.

महाराष्ट्र केसरीची रचना या दृष्टीने बोलकी आहे. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, १९६१ पासून हा किताब सुरू झाला. आज तिथे गादी (मॅट) आणि माती असे दोन विभाग असतात, आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी समोरासमोर येतात. जुन्याला मोडीत न काढता नव्यापुढे उभे करणारी ही व्यवस्था, स्पर्धेपुरती का होईना, आपल्या संस्थांना सुचली आहे. माणसाच्या आयुष्यासाठी ती सुचायची आहे.

या क्षेत्रात येणाऱ्या अभ्यासकाला थोड्या सूचना कराव्याशा वाटतात. मैदानांची पत्रके जमवा; एकाच पैलवानाचे नाव एक नंबरवरून चार नंबरवर कसे उतरत गेले हे त्यांत वर्षावार वाचता येते. निवेदकांच्या ध्वनिफिती ऐका. वयस्क मल्लाची ओळख करून देताना वर्तमानकाळ कुठे संपतो आणि भूतकाळ कुठे सुरू होतो ते टिपा. कानडी येत नसेल तर शिका, निदान सीमाभागापुरती. मुलींच्या कुस्तीला वेगळ्या कप्प्यात टाकू नका. त्यांचा उत्तरार्ध आता कुठे सुरू होतो आहे आणि तो पहिल्यापासून नोंदवण्याची संधी आपल्याला आहे. घरच्या बायकांशी बोला. खुराकाचे दूध, तूप, बदाम कोणाच्या तोंडचे कमी करून आले आणि कुस्ती थांबल्यावर तोच आहार अंगावर कसा उठला, हे त्यांना ठाऊक असते. आणि पैलवानाला पहिल्याच भेटीत नुरा कुस्तीबद्दल विचारू नका. ज्याने आयुष्यभर पाठ लागू दिली नाही, त्याला प्रश्नाने चीत करण्यात काही शौर्य नाही.

सर्वात आधी पहाटे तालमीत जा. पोरे येण्याआधी तिथे बहुधा एक वयस्क माणूस भेटेल, हातात फावडे घेतलेला. तो हौद्यातली माती उकरत असतो. त्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू मुरलेले असते, आणि ती अनेक वर्षे तीच राहते. पण रोज उकरली नाही तर ती कडक होते, आणि कडक मातीवर पडले की अंग फुटते. म्हणून रोज खालची माती वर येते आणि वरची खाली जाते. त्या माणसाजवळ उभे राहा. त्याने दिले तर फावडे हातात घ्या, आणि गाडीवानाचा प्रश्न त्याला विचारा.

उळवी, तालुका जोयडा
माघी पौर्णिमा